खुंटा हलवून पाहणार कोण?

कर्जत तालुक्यातल्या कळंबच्या पंचक्रोशीत ज्याच्या गोठ्यात बैल आहे, त्याला खुंट्याचे शास्त्र शिकवावे लागत नाही. कोरड्या दिवसांत घट्ट बसलेला खुंटा पावसाळ्यात ढिला होतो. कातळावर तो रुततच नाही. बांधाच्या अगदी कडेला ठोकला, तर बैलाच्या एका हिसक्यासरशी ढेकळासकट बाहेर येतो. म्हणून बैल बांधण्याआधी खुंटा हलवून पाहायचा आणि मग पक्का करायचा. खुंटा हलवून बळकट करण्याची म्हण याच अनुभवातून आली.

कळंबहून कर्जत, तिथून खोपोली आणि पुढे बोरघाट अशा वाटेने निघाले की रस्त्याच्या कडेला जस्ताचा मुलामा दिलेले लाटदार लोखंडी कठडे दिसू लागतात. त्यांचे खांब म्हणजेही खुंटेच. फरक इतकाच, की या खुंट्यांवर येणारा बैल १३ ते १६ टनांचा असतो आणि तो हिसका एकदाच देतो. त्या एका हिसक्यावर बसमधल्या ४०-५० जणांचा जीव अवलंबून असतो. पण हे खुंटे हलवून पाहण्याची रीत मात्र आपल्याकडे रुजलेली नाही. कठडा किती मीटर लांब बसवला, हे मोजले जाते. तो जमिनीत कसा उभा आहे, याची चौकशी सहसा होत नाही. खरे तर कठड्याची ताकद वरच्या चकचकीत पत्र्यात कमी आणि खालच्या मातीत जास्त असते. जड वाहनाच्या बाबतीत तर हे आणखी खरे.

रायगड जिल्ह्याने याची किंमत पाहिली आहे. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे पुण्याहून मुंबईकडे येणारी एक खासगी बस खोपोलीजवळ, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर शिंग्रोबाच्या मंदिराच्या परिसरात दरीत कोसळली. गोरेगावच्या वादक पथकातली तरुण मुले तीत होती. १३ जणांचा जीव गेला. त्याआधी २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर तालुक्यातल्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. सुमारे ३० जण दगावले आणि वाचला तो एकच. हे अपघात कशामुळे घडले, याचा निवाडा इथे करायचा नाही. तो तपास यंत्रणांचा विषय आहे. पण दोन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे. बस रस्ता सोडून गेली आणि रस्ता व दरी यांच्यामध्ये तिला थोपवू शकेल असे काही उरले नाही.

हा विषय आरोग्याच्या सदरात का, असा प्रश्न पडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यांवर मरतात. भारतात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजार ४९१ जण गेले. एखाद्या आजाराने इतकी माणसे नेली असती, तर लस कुठे आहे, असा प्रश्न घराघरांत विचारला गेला असता. रस्ते अपघातांकडे साथीच्या रोगासारखे पाहायला सर्वांत आधी ज्यांनी शिकवले, त्यांत विल्यम हॅडन यांचे नाव मोठे आहे. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय रस्ते सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख झालेले हॅडन पेशाने डॉक्टर होते. हिवतापात जसा जंतू, तशी अपघातात ऊर्जा, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. शरीराला सोसवणार नाही इतकी ऊर्जा शरीरापर्यंत पोहोचली की माणूस जखमी होतो किंवा मरतो. चालकाला उपदेश करणे हा उपायाचा एक भाग झाला. ती ऊर्जा वाटेतच जिरवणे हा दुसरा, आणि अनेकदा अधिक भरवशाचा.

त्याच्याही आधी, १९४२ मध्ये ह्यू डी हेवन या संशोधकाने ५० ते १५० फूट उंचीवरून पडूनही वाचलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो स्वतः विमान अपघातातून वाचला होता. त्याच्या अभ्यासाचे सार सोपे आहे. वेगाने माणूस मरत नाही, एकदम थांबण्याने मरतो. थांबायला थोडे अंतर मिळाले आणि धक्का शरीरावर पसरला, तर शरीर आश्चर्य वाटावे इतके सोसते. रस्त्याकडेच्या कठड्याचे काम नेमके हेच. वाहनाला दरीत जाऊ द्यायचे नाही आणि आतल्या माणसांना दगडी भिंतीवर आपटल्यासारखा धक्काही बसू द्यायचा नाही.

आता थोडे गणित. कठड्यांच्या युरोपीय मानकात मोटारीसाठी एक चाचणी आहे. दीड टनाची मोटार ताशी ११० किलोमीटर वेगाने २० अंशांच्या कोनात कठड्यावर सोडायची. कठड्यावर सरळ आडवी येणारी ऊर्जा यात सुमारे ८२ किलोज्यूल असते. बससाठीच्या चाचणीत १३ टनांची बस ताशी ७० किलोमीटरने त्याच कोनात येते. तिथे हाच आकडा सुमारे २८७ किलोज्यूल होतो, म्हणजे मोटारीच्या साडेतीन पट. ही ऊर्जा किती? तीच बस जमिनीवरून सव्वादोन मीटर उंच उचलायला लागेल तितकी. ३८ टनांच्या जोडट्रकसाठीची सर्वांत कडक चाचणी जवळपास ७२५ किलोज्यूलपर्यंत जाते.

आणि हे झाले २० अंशांच्या कोनाचे. सरळ महामार्गावर वाहन बहुधा असेच तिरके घसरते. घाटातल्या नागमोडी वळणावर ब्रेक न लागलेली गाडी जवळजवळ सरळ कठड्यावर येऊ शकते. वेग तोच ठेवून कोन २० ऐवजी ४० अंश झाला, तर आडवी ऊर्जा साडेतीन पट वाढते. म्हणून सपाट रस्त्यावरचा कठडा उचलून घाटाच्या वळणावर बसवला की काम झाले, असे होत नाही.

ही ऊर्जा जिरते कुठे? थोडी पत्रा वाकण्यात, थोडी वाहनाचा सांगाडा चेपण्यात आणि बराच मोठा वाटा खांब मातीत कलंडण्यात. चाचणीतली ती १३ टनांची बस आडवी दीड मीटर सरकत थांबली, तर कठड्यावर सरासरी २० टन वजनाइतका जोर येतो. तीच बस ३० सेंटिमीटरमध्ये थांबवायची म्हटले, तर हा जोर १०० टनांच्या जवळ जातो. खांबाने मातीला थोडे रेटत, थोडे झुकत जाणे हा दोष नव्हे, तीच त्याची रचना आहे. मात्र झुकताना त्याने उपटून येता कामा नये. सगळे शास्त्र या दोन टोकांच्या मधल्या जागेत आहे.

आपल्याकडच्या नेहमीच्या एकपदरी लाटदार कठड्याचे माप ठरलेले आहे. १५० बाय ७५ मिलिमीटरच्या पन्हळीचा खांब, एकूण लांबी १.८ मीटर, त्यातला १.१ मीटर जमिनीत, पट्टी जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंचीवर आणि दर दोन मीटरवर एक खांब. वर दिसतो त्यापेक्षा जास्त खांब खाली आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. खांबाच्या मागची माती त्याला अडवते. खोली वाढली की ही पकड साध्या प्रमाणात वाढत नाही, कितीतरी झपाट्याने वाढते. रेताड-मुरमाड मातीसाठी स्वीडिश अभियंता बेंग्ट ब्रॉम्स यांनी १९६४ मध्ये मांडलेले गणित आजही वापरले जाते. त्यानुसार हिशेब केला तर १.१ मीटर खोल खांबाच्या बुडाशी फक्त ३० सेंटिमीटर माती पावसाने वाहून गेली, की पकड सुमारे ६० टक्क्यांनी घटते. फूटभर माती गेली आणि कठड्याची निम्म्याहून अधिक ताकद गेली. वरून पाहणाऱ्याला मात्र कठडा तसाच ताठ दिसतो.

कर्जत-खालापूरच्या भूगोलात हा प्रश्न आणखी बिकट होतो. उल्हास नदीच्या खोऱ्यात, कळंबच्या बाजूला, रस्ते भातखाचरांतून जातात. खाचरांपेक्षा रस्ता उंच हवा म्हणून भराव टाकलेला असतो आणि त्या भरावाचा पाया पावसाळ्यात महिनोन् महिने पाण्यात राहतो. घाटात चढू लागले की वेगळेच. डोंगर फोडून काढलेल्या रस्त्याचा आतला अर्धा भाग काळ्या कातळावर असतो. बाहेरचा, दरीकडचा अर्धा भाग त्याच खोदाईतून निघालेल्या दगड-मुरमाच्या भरावावर उभा असतो. म्हणजे कठड्याची सर्वाधिक गरज जिथे आहे, नेमकी तिथेच जमीन सर्वांत कच्ची. त्यातही खांब कडेला खेटून रोवला, तर त्याच्या मागे अडवायला मातीच उरत नाही. बांधाच्या काठावरच्या खुंट्याचीच ही गत. खांबामागे निदान दोन फुटांची सपाट, दाबून बसवलेली माती हवी, असे अमेरिकेत मानले जाते. तेवढी जागा नसेल, तर खांब लांब घ्यावे लागतात किंवा जवळ जवळ रोवावे लागतात.

कातळाची तऱ्हा याच्या उलट. तिथे ठोकलेला खांब आत जात नाही. मग कुणीतरी तो वरून कापून उंची जुळवतो किंवा खड्डा उथळ ठेवून भोवती काँक्रीट ओतले जाते. दिसायला ते भक्कम वाटते. पण जो खांब कलंडूच शकत नाही, तो धडकेत जमिनीलगत दुमडतो किंवा फाटतो आणि बरीचशी ऊर्जा जिरायची राहून जाते. कातळात खांबापेक्षा मोठे भोक पाडून त्यात खडी-वाळूसारखा मोकळा भरणा करायचा, म्हणजे खांबाला हलायला वाव राहतो, ही पद्धत जगभर वापरली जाते. घट्ट म्हणजे मजबूत, ही समजूत इथे फसते.

दुसरी अडचण उंचीची. बसचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण मीटरभर किंवा त्याहून वर असतो. ७० सेंटिमीटरवरची पट्टी तिला कमरेखाली अडवते. जोर जास्त असेल, तर बस पट्टीवरून पलीकडे कलंडते. शिवाय रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की रस्ता वर येतो आणि कठडा तेवढाच बुटका होतो. दोन थर चढले, की ७० सेंटिमीटरचे साठही उरत नाहीत. नवा रस्ता झाल्याचा आनंद व्हावा, पण त्याबरोबर कठड्याचीही उंची वाढवली का, हे विचारायला हवे.

मग दरीकाठच्या वळणांवर करायचे काय? जड वाहनासाठी तिथे काँक्रीटचा उंच कठडा हवा. पण तो भरावावर नुसता मांडून ठेवला, तर धडकेबरोबर स्वतःच दरीत जाईल. त्याच्या पायाची युक्ती घराच्या छज्जावरून समजते. छज्जा भिंतीबाहेर लोंबतो, तरी पडत नाही, कारण त्याचे आतले टोक भिंतीच्या वजनाखाली दाबलेले असते. तसेच इथे कठड्याच्या बुडाला एक रुंद काँक्रीटची लादी जोडतात. ती रस्त्याच्या थराखाली आतपर्यंत जाते. गाडी कठड्याला बाहेर ढकलते तेव्हा लादीला उलटावे लागते, आणि तिच्यावर रस्त्याचे सगळे ओझे असते. धडक सेकंदाच्या काही अंशांत संपते, तेवढ्या वेळात इतके वजन उचलले जात नाही. जिथे आत कातळ जवळ आहे, तिथे सळया खोल रोवून ही लादी कातळाला बांधताही येते. म्हणजे कठडा कडेवर उभा असला, तरी त्याचा पाय रस्त्याच्या मध्याकडे रोवलेला असतो.

ही काही परदेशी चैन नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ मध्ये कठड्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे. पुलांच्या कठड्यांसाठी तिच्या दुसऱ्या मानकात तीन वर्ग आहेत. त्यातला सर्वांत वरचा वर्ग ताशी ६० किलोमीटरने २० अंशांत येणाऱ्या सुमारे ३० टनांच्या वाहनासाठी, धोक्याच्या जागांकरिता ठरवलेला आहे. पुलावर हे मान्य आहे, कारण पूल पडला तर दिसतो. घाटातल्या भरावाची कड पुलाइतकीच उंच असू शकते, तिला मात्र साध्या रस्त्याची कड समजून मोटारीच्या मापाचा कठडा दिला जातो. पुलाच्या कठड्याचा विचार घाटाच्या वळणांवर आणला पाहिजे, ही मागणी म्हणूनच अवाजवी नाही.

तीन आक्षेप यावर हमखास येतात. पहिला, चालकच बेदरकार असेल तर कठडा काय करणार? बेदरकारपणावर कारवाई व्हायलाच हवी. पण बसमध्ये मागे झोपलेल्या पोराचा त्यात काय गुन्हा? चालकाला डुलकी लागते, ब्रेक तापून निकामी होतात, धुक्यात वळण दिसत नाही. माणसाकडून चूक होणारच, हे धरून चालणाऱ्या व्यवस्थेलाच सुरक्षित व्यवस्था म्हणतात. दुसरा आक्षेप खर्चाचा. सगळ्या रस्त्यांना असा कठडा लावावा, असे कोणी म्हणत नाही. खोल दरीवरची वळणे, लांब उताराच्या पायथ्याची वळणे, पुलाकडे जाणारे भराव आणि गावाच्या तोंडाशी घरे-शाळा रस्त्याला लागून असलेल्या जागा एवढ्या निवडायच्या. बाकीच्या ठिकाणी साधा कठडाच पुरे, पण तो तरी जमिनीत नीट उभा हवा. तिसरा आक्षेप असा, की भक्कम कठडा दिसला की लोक वेग वाढवतील. म्हणून वेगावर कॅमेरे आणि दंड हवेतच. पण जिना चढताना लोक निष्काळजी होतील, म्हणून कोणी जिन्याला कठडा लावायचे सोडत नाही.

सुधारणा होऊ शकते, याचा दाखलाही याच जिल्ह्यातून जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. त्या वर्षापासून राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून एकेक धोक्याची जागा शोधून ती दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. उघडे खांब आणि कठड्यातल्या मोकळ्या फटी झाकणे हा त्यातला एक भाग होता. पुढच्या काही वर्षांत मृत्यूंचा आकडा निम्म्याहून खाली आला. टोलच्या मार्गावर जे जमले, ते कर्जत-मुरबाड रस्त्यावर आणि जुन्या घाटात जमू नये, असे काही नाही. तिथून जाणाऱ्यांचा जीव स्वस्त आहे, असे मान्य केले तरच गोष्ट वेगळी.

करायचे ते फार गुंतागुंतीचेही नाही. निविदेत कठड्याचे मीटर मोजताना जमिनीचा प्रकारही लिहावा. कातळ, मुरूम, भराव किंवा खाचराची माती यांना खांबाची खोली आणि पाया वेगवेगळा हवा, आणि बिल त्याप्रमाणे निघावे. मागे किती सपाट माती आहे, हे नकाशात दाखवणे बंधनकारक करावे. बसवून झाल्यावर ठरावीक खांबांना जॅक लावून आडवे ओढून पाहावे. किती जोराला किती झुकला, एवढी नोंद ठेवली तरी ठेकेदाराचा हात आपोआप नीट चालतो. ही चाचणी पावसाळ्यानंतर पुन्हा करावी. केबल किंवा पाण्याच्या नळासाठी कठड्यालगत चर खणणाऱ्यांकडून माती दाबून पूर्ववत करून घेतल्याशिवाय अनामत परत देऊ नये. कठड्याच्या दोन्ही टोकांचे पाय वेगळे तपासावेत, कारण धडकेत सगळी पट्टी दोरीसारखी ताणली जाते आणि टोक सुटले तर मधले खांब एकटे पडतात.

यातले बरेच तपासायला अभियंता लागत नाही. खांबाच्या बुडाशी बोट जाईल एवढी फट पडली आहे का, मागची माती घसरली आहे का, पट्टी गुडघ्याच्या पातळीला आली आहे का, टोकाचा बोल्ट जागेवर आहे का, हे ग्रामपंचायतीचा सदस्य किंवा एस.टी.चा चालकही सांगू शकतो. रोज त्या वळणावरून जाणाऱ्या माणसाइतकी जागेची माहिती कुणालाच नसते. त्याने कळवायचे कुठे आणि कळवल्यावर किती दिवसांत दुरुस्ती होणार, हे ठरवून त्या वळणावरच पाटीवर लिहिले पाहिजे.

दरवर्षी गणपतीच्या आधी रस्त्यांचे खड्डे बुजवण्याची घाई होते. खड्डा दिसतो, त्याचा हिसका रोज कंबरेला बसतो, म्हणून त्यावर बोलले जाते. जमिनीखाली ढिला झालेला खांब कुणालाच टोचत नाही. तो वर्षानुवर्षे ताठ उभा राहतो आणि एका पहाटे, फक्त एकदा, त्याची परीक्षा होते. त्या वेळी तो नापास झाला, तर फेरपरीक्षा नसते. कळंबचा शेतकरी बैल बांधण्याआधी जे करतो, ते ४०-५० माणसांची बस दरीच्या काठावरून सोडण्याआधी करायला हरकत काय?